पट

मशीन चालू झालं का? मग आधी पायऱ्या लिहून घ्या.
शाळेचं नंतर.
शनिवारी सकाळी अख्खी गल्ली गुडघ्यांवर असायची,
पांढऱ्या संगमरवराच्या तीन तीन पायऱ्या,
एकीच्या बादलीतलं पाणी दुसरीच्या दारात.
घर भाड्याचं, पण पायरी आपली.

असं सांगतात मिस व्हर्नेल टॉलिव्हर, वय त्र्याऐंशी,
बाल्टिमोर, पश्चिमेची बाजू,
आणि मधेच मला विचारतात, जेवलीस का.
(टेपवर इथे चमच्याचा आवाज आहे.
मी तो काढलेला नाही.)

मग पोलादाचा कारखाना बंद पडला.
खिडक्यांवर फळ्या आल्या. आधी अकराशे सत्तावीस,
मग एकतीस, मग आमच्या समोरची सगळी रांग.
लोक म्हणतात वस्ती बिघडली.
दूध आपलं आपण नासतं का, बाई?
कुणीतरी ते बाहेर ठेवलेलं असतं.

मग ते पत्र आलं.
शाळा क्रमांक चारशे एकोणीस. पट दोनशे चौदा.
पाहिजेत अडीचशे.
छत्तीस मुलं कमी, म्हणून कुलूप.
एकतीस वर्षं मी त्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून दिला,
पिवळं जाकीट, हातात थांबायची पाटी.
मला पट शिकवणार?

घेतली वही.
दार मी वाजवायचं, स्पॅनिशमध्ये इमेल्डा क्विंटानिया विचारायची,
तळघरात राहणारे, आत्याकडे ठेवलेले,
कागद नाहीत म्हणून घाबरलेले,
सगळे लिहिले.
एका संध्याकाळी ती म्हणाली, पोटातली धरायची का?
म्हटलं, धर. ती काय पोटातच राहणार आहेत?
तेव्हा हळूच म्हणाली, मग माझंही एक लिही.
मला तोवर पत्ता नव्हता.
दोनशे एकावन्न.

बोर्डापुढे माणशी दोन मिनिटं.
ड्युप्री गेला, आमचा बॉयलरवाला,
जन्मात माइकपुढे उभा राहिलेला नाही.
म्हणाला, थंडी पडली की सहा नंबरच्या खोलीतला
रेडिएटर ठोकावा लागतो. डावीकडून. दोनदा.
तुमच्यातल्या कुणाला हे ठाऊक होतं?
आणि उरलेला वेळ
टोपी हातात धरून नुसता उभा राहिला.
घड्याळ बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

शाळा राहिली.

पुढचं विचार ना.
सगळे इथेच थांबतात, केक कापून झाल्यासारखे.
शाळा राहिली, म्हणून घरं विकली गेली.
जाहिरातीत छापलं होतं: चांगली शाळा, चालत पाच मिनिटं.
फळ्या उतरल्या, काचा आल्या, भाडं दुप्पट.
इमेल्डाची ती धाकटी, पोटातून पटावर आलेली,
चार वर्षांची झाली आणि ते गेले,
दोन बस बदलून जावं लागतं तिकडे.
वहीतली किती उरली, विचारतेस?
सात.
मी अजून मोजते.

नवी माणसं वाईट नाहीत. ख्रिसमसला बिस्किटं आणून देतात.
पायऱ्या फवाऱ्याच्या मशीनने धुतात,
एका मिनिटात,
उभ्याने.

पश्चात्ताप होतो का? मी विचारते.

टेपवर अकरा सेकंद काहीच नाही.
मग लांबून शाळा सुटल्याची घंटा,
मग एकदम पावलं, पुष्कळ.
थांब गं जरा, असं म्हणून त्या उठतात,
खुर्ची करकरते,
आणि काचेवर बोटाच्या पेराने: टक, टक.
ए लाल टोपी! दोन्हीकडे बघ!

कोण तो, मी विचारते.
काय माहीत, त्या म्हणतात,
आणि अजून खिडकीशीच आहेत.